रोजचं व्हीगन जेवण आणि बाहेरचं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरात दुधाची पिशवी यायची बंद झाली त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून शेजारी, नातेवाईक आणि ऑफिसातल्या मैत्रिणी मला साधारण तेच तेच प्रश्न विचारत आल्या आहेत. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे मांडते आहे.

व्हीगन म्हणजे शाकाहारीच ना?

शाकाहारी आणि त्याच्या एक पाऊल पुढे. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, शिवाय दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय, खवा, पनीर आणि मधही नाही. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. जैन जेवण किंवा उपवासाचं जेवण म्हणजे व्हीगन असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्या दोन्हींत दूध-तूप चालतं, म्हणून हॉटेलात "जैन द्या" म्हणून आपलं काम होत नाही.

दूध, दही, तूप सगळंच सोडलं तर रोज खायचं काय?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. माझं सांगणं एवढंच की मागच्या आठवड्यात तुमच्या घरात काय काय शिजलं, ते एका कागदावर लिहून काढा. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, गोडा मसाला घातलेली आमटी, भरली वांगी, मेथीची परतून केलेली भाजी, अळूचं फतफतं, कांदेपोहे, मसालेभात, खोबऱ्याची चटणी, ठेचा. यांतल्या एकाही पदार्थात दूध नाही. आपल्या स्वयंपाकाला घट्टपणा येतो तो दाण्याच्या कुटाने, खोबऱ्याच्या वाटणाने, बेसनाने आणि तिळाने. भाजीत साय-लोणी घालणं हॉटेलातल्या पंजाबी भाज्यांमधून आपल्याकडे आलं, आणि मग ते पहिल्यापासून आपलंच होतं असं वाटायला लागलं.

यादी केली की दिसतं, दूध शिरतं ते मोजक्या ठिकाणी. सकाळ-संध्याकाळचा चहा, जेवणातलं दही-ताक, वरण-भातावरचं आणि पोळीला लावलेलं तूप, आणि सणाचं गोड. एवढ्या चार गोष्टींचं उत्तर सापडलं की बाकीचं स्वयंपाकघर जसं आहे तसंच राहतं. मी सुरुवातीला एवोकॅडो, चिया, किन्वा असं काय काय आणून ठेवलं होतं. ते संपल्यावर पुन्हा आणायची गरज वाटली नाही.

कोशिंबिरीचं काय, असं लगेच विचारलं जातं. खमंग काकडी आठवा: चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, चिमूटभर साखर आणि वरून हिंग-जिरं-मिरचीची फोडणी. दही त्यात कधीच नव्हतं.

वरण-भात तुपाशिवाय घशाखाली उतरतो का?

पहिले पंधरा दिवस चुकल्यासारखं वाटतं, हे खरं. पण भातावर तेल घेण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनीच आहे. खानदेशात गरम खिचडीवर शेंगदाण्याचं कच्चं तेल ओतून घेतात आणि सोबत पापड. विदर्भातल्या गोळाभातावर हिंग-मोहरीची तेलाची फोडणी लागतेच. मऊ भात, मेतकूट, मीठ आणि लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल हे माझं तापातलं जेवण आहे. मात्र तेल ताजं आणि वासाचं हवं. रिफाइंड तेल भातावर घेतलं तर नुसता तेलकटपणा जाणवतो.

वरणाला चव येण्यासाठी मी तूर डाळीत मूठभर मसूर घालते, शिजताना हिंग-हळद आणि वाढताना लिंबू. आमच्या सासूबाई पहिल्यांदा बिनतुपाचं वरण जेवल्या तेव्हा म्हणाल्या, "लिंबू जरा जास्त पिळ." तेव्हापासून मी जास्तच पिळते.

चहा?

चहाला सोपं उत्तर नाही, दोन-तीन प्रकार करून बघावे लागतात. आपला उकळलेला, दाटसर चहा हवा असेल तर माझं मत काजूला. दहा-बारा काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवायचे, कपभर पाण्यात अगदी गुळगुळीत वाटायचे. चहा, आलं, साखर पाण्यात नेहमीपेक्षा जास्त उकळून घ्या, गाळा, आणि मग काजूचं दूध घालून जेमतेम एक उकळी आणा. जास्त उकळलंत तर ते खिरीसारखं घट्ट होतं. दोन-तीन कप होतात.

सोयाचं दूध स्वस्त पडतं, पण फ्रिजमधलं गार दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं. ते वेगळं गरम करून, गॅस बंद केल्यावर घालावं. घरी केलेलं ओट्सचं दूध उकळलं की चिकट होतं, म्हणून चहाला मी ते वापरत नाही. आणि गवती चहा, आलं, लिंबू घातलेला कोरा चहा आहेच. पावसाळ्यात मला तोच आवडतो.

बाजारात शोधताना एक लक्षात ठेवा: अशा पाकिटांवर बहुधा 'दूध' असं न लिहिता 'सोया ड्रिंक', 'ओट बेव्हरेज' असं काहीतरी लिहिलेलं असतं.

दही घरी लावता येतं का?

येतं, शेंगदाण्याचं. एक वाटी कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवा. सकाळी चोळून सालं काढा. सालं राहिली तर दह्याला तुरट चव येते, म्हणून इथे कंटाळा करू नका. तीन वाट्या पाणी थोडं थोडं घालत मिक्सरमधून एकदम बारीक वाटा आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळत राहा. हे खाली फार पटकन लागतं, दोन मिनिटं फोन घ्यायला गेलात तरी करपल्याचा वास सगळ्या दह्याला येतो. उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं शिजू द्या. मग बोट घालून सोसवेल इतकं कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीचे सहा-आठ ताजे देठ टाका. देठांवर दही लागायला लागणारे जिवाणू असतात. झाकून उबदार जागी ठेवा, थंडीत पातेल्याभोवती जुना टॉवेल गुंडाळा.

पहिलं दही बेताचंच लागतं, पातळ आणि वरती पाणी सुटलेलं. टाकून देऊ नका. देठ काढून त्याची कढी करा आणि दोन चमचे विरजणाला बाजूला ठेवा. त्या विरजणाचं दुसरं दही घट्ट लागतं. दाण्याचा वास थोडा राहतो. मिरची-कढीपत्त्याची फोडणी देऊन दहीभात केला तर तो जाणवत नाही, नुसतं साखर घालून खाल्लं तर जाणवतो. फडक्यात उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात किंवा भरल्या वांग्याच्या मसाल्यात जातो.

ताकाची तहान मात्र माझी सोलकढीने भागली. आमसुलं, नारळाचं दूध, लसूण, मिरची, कोथिंबीर. जेवणाच्या शेवटी भातावर घ्या किंवा वाटीने प्या.

पनीरऐवजी काय?

तोफू, म्हणजे सोया पनीर. मोठ्या शहरांत सहज मिळतो. वापरण्याआधी वजनाखाली दाबून पाणी काढा आणि मीठ-हळद लावून तव्यावर परता, नाहीतर भाजीत फिका लागतो. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी प्रसिद्ध, मराठवाडा-विदर्भात शेतंच्या शेतं सोयाबीनची, पण त्याचं बहुतेक तेल आणि पेंड होते. आपल्या ताटात ते फार कमी येतं, याचं मला वाईट वाटतं.

प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२ यांचं कसं करता?

प्रथिनांची काळजी करण्यापेक्षा रोज उसळ करा. मूग, मटकी, तूर, मसूर यांच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत २५च्या आसपास आणि सोयाबीनमध्ये ३५हून जास्त. अडचण येते ती ताटात पोळी-भाताचा ढीग आणि वरण दोन चमचे असतं तेव्हा. वाटी मोठी घ्या.

कॅल्शियमसाठी नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि दोन-तीन भाकऱ्यांना एवढं पीठ सहज लागतं. सोबत तिळाची चटणी. लोहासाठी हळीव आणि पालेभाज्या, वर लिंबू पिळून, आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नका, त्याने लोह शोषलं जाण्यात अडथळा येतो. जवसाची चटणी ओमेगा-३ साठी.

बी-१२ या जीवनसत्त्वाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. इडलीच्या आंबवलेल्या पिठातून नाही, मोड आलेल्या कडधान्यांतून नाही, स्पिरुलिना नावाच्या शेवाळातूनही नाही. गोळी घ्यावीच लागते. दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांमध्येही आपल्याकडे बी-१२ची कमतरता खूप आढळते, त्यामुळे रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नका. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्या बाबतीत तर आहारतज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय काही बदलू नका.

सणाला गोड काय करायचं?

कोकण आणि गोव्याकडे बघा, तिथे नारळाने हे काम कधीच केलेलं आहे. मालवणी शिरवाळे म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया आणि गूळ-वेलची घातलेलं नारळाचं दूध. गोव्याचं मणगणें म्हणजे हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, काजू, गूळ आणि नारळाचा रस. हळदीच्या पानातल्या पातोळ्या. या पदार्थांत काही बदलायचंच नाही.

पुरणात मुळात डाळ, गूळ, जायफळ, वेलची एवढंच असतं. पोळी तेलावर भाजा आणि दुधाऐवजी नारळाच्या दुधाबरोबर किंवा गुळवणीबरोबर खा. गुळवणीत काही घरांत दूध घालतात, तेवढं टाळायचं. उकडीच्या मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी चमचाभर खोबरेल तेल घालते, फरक कळत नाही. अर्थात खाण्याचं खोबरेल, डोक्याला लावायचं नव्हे. तिळगूळ, चिक्की, गूळपोळीचं सारण यांना तुपाची गरज नाही. बेसनाचा लाडू मात्र मी अजून मनासारखा करू शकलेले नाही. डालडा वनस्पतीजन्य असल्याने नियमात बसतो, आणि जानेवारी २०२२ पासून अशा तेला-तुपांतल्या ट्रान्सफॅटवर २ टक्क्यांची मर्यादाही आली आहे, पण चवीला तो मला रुचत नाही.

एक गंमत सांगते. 'पंचामृत' आपल्याकडे दोन आहेत. पूजेतलं दूध-दही-तूप-मध-साखरेचं, आणि पानात डावीकडे वाढतात ते मिरच्या, दाणे, तीळ, चिंच, गुळाचं. दुसरं अगदी निर्धास्त खा.

पाकिटावर हिरवा ठिपका असला की झालं?

नाही. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध आणि मध येतात. पण त्या ठिपक्यामुळे अंडं आणि जिलेटिन आपोआप बाहेर गेलेलं असतं, म्हणजे आपल्याला फक्त दूध आणि मध एवढंच शोधायचं उरतं. घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन, लॅक्टोज, बटर, घी हे शब्द बघा. यादीच्या खाली 'कंटेन्स मिल्क' असं लिहिलेलं असतं, घाई असेल तर आधी तेच वाचा. साध्या ग्लुकोज बिस्किटांतही बहुधा दूध असतं.

व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे) वेगळे नियम २०२२ साली आले आणि त्यासाठी हिरव्या रंगाचं, पान फुटलेलं 'व्ही'चं चिन्ह आहे. ते दिसलं तर यादी वाचायची गरज नाही. न दिसलं म्हणून पदार्थ बाद होत नाही. पोहे-चिवडा, शेव, कुरडया, सांडगे यांवर ते सहसा नसतंच. दोन ठिकाणी मात्र फसायला होतं: सांडगी मिरची ताकात किंवा दह्यात मुरवलेली असते, आणि चकलीच्या मोहनात लोणी असू शकतं.

हॉटेलात "व्हीगन आहे का" असं विचारलं की समोरचा गोंधळतो. कसं विचारायचं?

तो शब्द वापरूच नका. पदार्थांची नावं घ्या: "दादा, दूध, दही, तूप, लोणी, साय, पनीर काहीच चालत नाही. तेलात करून द्याल?" 'चालत नाही' हे आपल्याकडे सगळ्यांना समजतं. कुणाला उपवासाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाला श्रावणात वांगं. कारण कुणी विचारत नाही, आणि ॲलर्जी आहे असं खोटं सांगायचीही गरज पडत नाही.

यादी पूर्ण सांगा, हे मी अनुभवाने शिकले. एका खानावळीत "दूध-दही चालत नाही" एवढंच सांगितलं आणि ताटात तुपाने माखलेली पोळी आली. वाढणाऱ्या दादांच्या लेखी तूप म्हणजे दूध नव्हतं, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मी तूप म्हणाले नव्हते. त्यांनी पोळी परत नेली आणि भाकरी आणून दिली.

शक्यतो गर्दीच्या आधी जा. दीडच्या सुमाराला, रांग बाहेरपर्यंत आलेली असताना, आचाऱ्यापर्यंत तुमचा निरोप पोचणं अवघड असतं.

कुठे काय मागवावं?

मिसळ बहुतेक ठिकाणी निर्धास्त. रस्सा तेलाचा, उसळ मटकीची, दही वेगळं येतं ते नको म्हणायचं. पावाबद्दल विचारा. साधा लादीपाव मैदा, यीस्ट, मीठ, पाणी, तेल एवढ्यावर होतो, पण काही बेकऱ्या दूध पावडर घालतात किंवा वरून बटर फिरवतात. एकदा आपल्या भागातल्या बेकरीत जाऊन विचारून घेतलं की त्या बेकरीचा पाव घेणाऱ्या सगळ्या गाड्यांची खात्री होते. वडापाव, कांदाभजी, कोथिंबीर वडी, अळूवडी चालतात. थालीपीठ आणि पिठलं-भाकरीवर लोण्याचा गोळा येतो, तो आधीच नको म्हणा. सिंहगडावर पिठलं, भाकरी, ठेचा, भजी मिळतं आणि मडक्यातलं दही वेगळं मागवावं लागतं, त्यामुळे तिथे काही सांगावंही लागत नाही. भेळ, पाणीपुरी, रगडा पॅटिस घ्या, एसपीडीपी (शेव-बटाटा-दहीपुरी) सोडा. पावभाजीचा तवाच लोण्याने माखलेला असतो, मी ती बाहेर खात नाही.

उडुपी हॉटेल हा माझा सगळ्यात मोठा आधार आहे. मुंबईत माटुंगा, पुण्यात फर्ग्युसन रस्ता, आणि आता तालुक्याच्या गावीही. इडली, मेदूवडा, सांबार घ्या. डोसा "बटर नको, तेलावर" असं सांगून. खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का ते विचारा. रवा डोशाच्या पिठात बऱ्याचदा ताक असतं आणि रवा इडलीत दही. शिरा, पोंगल, उपमा यांत तूप.

पंजाबी हॉटेलात सर्वांत कमी मिळतं. तयार ग्रेव्हीत साय किंवा लोणी आधीच पडलेलं असतं, ते काढता येत नाही. नानच्या पिठात दही-दूध. मी तिथे तंदुरी रोटी बिनबटरची, तेलातली दाल फ्राय आणि सुकी आलू-गोबी एवढंच घेते.

पुण्या-मुंबईबाहेर गेल्यावर?

उलट सोपं जातं. जळगावकडे वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, नागपुरात तर्री पोहे आणि पाटोडी रस्सा, सिंधुदुर्गात काळ्या वाटाण्यांची आमटी आणि आंबोळी, हंगामात ओल्या काजूची उसळ. गोव्यात सकाळी कुठल्याही छोट्या हॉटेलात भाजी-पाव मिळतो. दुपारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण कुठे आहे ते विचारा आणि मिळालं तर खतखतें (बऱ्याच भाज्यांचा नारळातला रस्सा) सोडू नका.

पूर्ण व्हीगन रेस्टॉरंट शोधायची तर?

हॅपीकाऊ नावाचं संकेतस्थळ आणि ॲप १९९९ पासून जगभरच्या अशा जागांची नोंद ठेवतं. मुंबई-पुणे-गोव्यात उपयोगी पडतं, पण निघण्याआधी फोन करा, अशा जागा पटकन बंद होतात किंवा हलतात. मला स्वतःला घराजवळच्या तीन नेहमीच्या हॉटेलांशी ओळख करून घेणं जास्त उपयोगाचं वाटतं. चौथ्या वेळेला गेलं की तेच विचारतात, "ताई, बिनतुपाचं ना?"

हे सगळं महाग नाही का?

पाकिटातलं बदामाचं दूध आणि नकली चीज घेत राहिलात तर महागच. ज्वारी, डाळ, उसळ, भाजी यांवर राहिलात तर दुधा-तुपाचा खर्च वाचतो. सरकारने गरिबांसाठी ठरवलेली ताटंच बघा. १९९५ची एक रुपयाची झुणका-भाकर, आणि २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. दोन्हींच्या यादीत दुधाचा एकही पदार्थ नाही.

घरात मी एकटीच व्हीगन आहे. वेगळा स्वयंपाक करू का?

नको, दोन-तीन महिन्यांत थकून जाल. भाजी, आमटी, उसळ सगळ्यांसाठी एकच, तेलाच्या फोडणीची. तूप, दही टेबलावर वेगळं ठेवा, ज्याला हवं तो वरून घेईल. पोळ्यांना शेवटी तूप लावा, आपल्या दोन आधी काढून घेऊन.

प्रसादाचं काय, हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं. सत्यनारायणाचा शिरा सव्वा मापाच्या तुपाचा असतो. मी हात पुढे करते, कपाळाला लावते आणि नवऱ्याच्या हातात देते. आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही. माझ्या एका मैत्रिणीला हे पटत नाही, ती चिमूटभर खाते. मला तिचंही बरोबर वाटतं.

लग्नाच्या पंगतीत उपाशी राहायला लागतं का?

आदल्या दिवशी यजमानांना फोन करण्यापेक्षा थेट आचाऱ्याला गाठा. मसालेभात आणि बटाट्याची भाजी तेलातच असते, वर खोबरं-कोथिंबीर. वाढणारा तुपाची झारी घेऊन पुढे येतो, तेव्हा तळहात भातावर आडवा धरायचा. अळूची भाजी, पंचामृत, कुरडई, पापड, भजी. मठ्ठा आणि जिलबी सोडायची, कारण जिलबीच्या पिठात दही असतं आणि बऱ्याचदा ती तुपात तळलेली असते.